कॉर्निश-वेल्श मंडळाचा मार्चमधला मेळावा: तयारीपासून आवराआवरीपर्यंत

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं तांबं खणलं ते मुख्यतः कॉर्निश लोकांनी (इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधले), आणि ते वितळवायला भट्टीपुढे उभे राहिले वेल्श लोक, म्हणजे वेल्समधले. बर्रा इथे १८४५ मध्ये तांबं सापडलं. कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, त्यांच्या वस्तीला रेडरुथ नाव मिळालं. १८४९ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीच्या कंपनीने तिथे भट्ट्या पेटवल्या, वेल्श कारागीर आले आणि त्यांची ल्लूखूर ही वस्ती उभी राहिली. १८६१ मध्ये यॉर्क द्वीपकल्पावर मून्टाची खाण आणि वॉलरूच्या भट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा कामाची हीच वाटणी पुन्हा झाली. त्यामुळे या भागातल्या वारसा मंडळांत कॉर्निश आणि वेल्श घराणी एकत्र दिसतात यात नवल नाही.

अशा जोड मंडळाचा वार्षिक मेळावा कसा भरवावा, ते इथे साधारण साठ माणसांचा हिशेब धरून सांगितलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: दोन्ही वारशांची खिचडी करायची नाही. हिरव्या फिती, एखादी आयरिश धून आणि ‘केल्टिक दिवस’ (कॉर्निश, वेल्श, आयरिश अशा सगळ्यांना मिळून केल्टिक म्हणतात) असं नाव दिलं की दोन्ही घराण्यांना ते आपलं वाटत नाही. कॉर्निश भाग कॉर्निश राहू द्या, वेल्श भाग वेल्श. दोघांनी एकत्र यायचं ते जेवणाच्या टेबलावर आणि गाण्यात.

तारीख

वेल्श लोकांचा संत डेव्हिडचा दिवस १ मार्चला, आणि कॉर्नवॉलच्या कथील-खाणकामगारांचा संत पिरान याचा ५ मार्चला. मध्ये चारच दिवसांचं अंतर, म्हणून या आठवड्यातला शनिवार किंवा रविवार सर्वांत सोयीचा. अडचण फक्त १ मार्चला सोमवार येतो त्या वर्षी होते. त्या आठवड्यात शनिवार-रविवार पाच तारखेच्या पुढे जातात आणि नेमके ॲडलेड कपच्या सुट्टीला लागून येतात (ही सुट्टी मार्चच्या दुसऱ्या सोमवारी असते). लोक गावाबाहेर जातात, हॉल मिळत नाहीत. अशा वर्षी सरळ फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार किंवा रविवार धरा.

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत ॲडलेडमध्ये कलामहोत्सवांचा हंगाम असतो आणि चांगले पियानोवादक तेव्हा गुंतलेले असतात. त्यामुळे हॉल आणि पियानोवादक दोन्ही सहा महिने आधी पक्के करा, आणि त्यातही पियानोवादक आधी. हॉल बदलता येतो. चार आवाजांतली स्तोत्रं पुढ्यात ठेवली की लगेच वाजवू शकणारा माणूस सहज मिळत नाही.

कॉपर कोस्टवरचा (मून्टा-वॉलरूचा किनारा) ‘कर्न्युएक लोवेंडर’ हा कॉर्निश महोत्सव १९७३ पासून चालू आहे आणि तो विषम सालांच्या मे महिन्यात भरतो. त्या वर्षी मार्चचा मेळावा आटोपशीर ठेवा. काम करणारी माणसं तीच असतात, आणि मार्चमध्ये दमली तर मेमध्ये येत नाहीत.

हॉल पाहताना

साठ माणसं खुर्च्यांवर बसतात म्हणून हॉल पुरेसा होतो असं नाही. जेवणाची टेबलं, वंशावळीची टेबलं आणि गाण्यासाठी वेगळी बसण्याची जागा हे सगळं धरून शंभर माणसांचा हॉल घ्या. जुने मेथडिस्ट हॉल (१९७७ नंतर बहुतेक युनायटिंग चर्चकडे आहेत) गाण्याला उत्तम: लाकडी जमीन, उंच छत, आवाज घुमतो. गालिचा घातलेल्या कम्युनिटी सेंटरमध्ये साठ गळेही कोरडे वाटतात.

हॉलवर गेल्यावर पुढच्या गोष्टी स्वतः तपासा. ओव्हन खरंच तापतो का, आणि त्यात किती ट्रे बसतात. फ्रिजमध्ये किती जागा आहे. पियानो कधी जुळवला होता. वर्षभरात जुळवलेला नसेल तर मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात जुळवून घ्या, कारण उन्हाळ्यात सूर उतरतो. एसी किंवा मोठे पंखे आहेत का, कारण मार्चच्या सुरुवातीला पारा पस्तिशी ओलांडू शकतो आणि आलेल्या माणसांत सत्तरीपुढचे बरेच असतात. हॉलच्या भाड्यात सार्वजनिक दायित्वाचा विमा येतो की मंडळाचा वेगळा लागतो, हे लेखी विचारा. खाद्यपदार्थांचे पैसे घेणार असाल तर कौन्सिलच्या आरोग्य अधिकाऱ्याला आधी कळवा. घरच्या स्वयंपाकघरात केलेल्या पदार्थांनाही नियम लागू होऊ शकतात.

नावनोंदणीचा फॉर्म

एका पानाचा फॉर्म आठ आठवडे आधी पाठवा. त्यात नाव-फोन यांच्याबरोबर पाच गोष्टी विचारा: पूर्वजांची आडनावं, त्यांचं मूळ गाव किंवा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर), जहाजाचं नाव आणि साल (माहीत असल्यास), खाण्याची पथ्यं, आणि गाताना आवाज वरचा की खालचा. शेवटचा प्रश्न बरेच जण फॉर्ममध्ये घालायला विसरतात. मग गाण्याच्या वेळी तीस सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि दोनच टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) अशी अवस्था होते. टेनर कमी पडणार हे चार आठवडे आधी कळलं तर एखाद्या स्थानिक गायकवृंदाला दोन-तीन पाहुणे मागता येतात.

आडनावं आणि गावं आधी कळली की बिल्ल्यावर नावाखाली तीही छापा. ‘ट्रेमेन – सेंट जस्ट’ असा बिल्ला लावलेला माणूस दिसला की सेंट जस्टचा दुसरा माणूस आपणहून त्याच्याकडे येतो. दिवसभरात याहून जास्त फळ देणारी दुसरी युक्ती नाही, आणि खर्च शाईपुरताच.

पेस्टी

जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणजे पेस्टी: मांस-भाजीचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेली मोठी करंजीच. मोजमाप नीट नसेल तर सगळ्यात आधी हाच बिघडतो. कॉर्निश पेस्टीला २०११ मध्ये युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालं, आणि त्यात घटक स्पष्ट आहेत: बीफ, बटाटा, स्वीड (पिवळ्या गराचा मोठा सलगम) आणि कांदा. गाजर नाही, मटार नाही. मांस कच्चंच भरतात आणि सगळं आवरणाच्या आत एकत्र शिजतं. मुरड बाजूने असते, वरून नाही.

एका खेपेला, म्हणजे नऊ मध्यम पेस्टींना:

आवरणासाठी ५०० ग्रॅम ब्रेडचा जास्त ग्लुटेनवाला मैदा, १२० ग्रॅम लार्ड (डुकराची चरबी) किंवा पांढरं घट्ट वनस्पती-शॉर्टनिंग, २५ ग्रॅम मार्गारिन, ५ ग्रॅम मीठ, १७५ मिली थंड पाणी.
सारणासाठी ४५० ग्रॅम बीफ स्कर्ट, ४५० ग्रॅम बटाटा, २५० ग्रॅम स्वीड, २०० ग्रॅम कांदा (भाज्यांचं वजन सोलल्यावरचं), मीठ आणि भरपूर काळी मिरी.

साठ माणसांना सात खेपा, म्हणजे त्रेसष्ट पेस्टी. बाजारहाटाची यादी अशी होते: मैदा साडेतीन किलो, लार्ड ८४० ग्रॅम, मार्गारिन १७५ ग्रॅम, मांस ३ किलो १५० ग्रॅम, सोललेला बटाटा तितकाच, स्वीड पावणेदोन किलो, कांदा १ किलो ४०० ग्रॅम. सोलण्यात जातं म्हणून भाज्या पाचवा हिस्सा जास्त आणा.

कृती:

१. थोडं लार्ड मैद्यात चोळून घ्या, उरलेलं आणि मार्गारिन घालून पाण्याने घट्ट मळा. पुरीच्या कणकेपेक्षा जास्त वेळ, चांगलं लवचीक होईपर्यंत मळायचं. एरवी बिस्किटाचं पीठ मळू नये म्हणतात. इथे उलट आहे, ग्लुटेन तयार झालं नाही तर भरलेली पेस्टी उचलताना तळ फाटतो. साधा केकचा मैदा वापरला तरी हेच होतं.

२. झाकून किमान तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. विश्रांती न दिलेलं पीठ लाटताना आक्रसतं आणि मुरड उकलते.

३. मांस बोटाच्या पेराएवढं हातानेच कापा. खिमा चालत नाही: त्याचा गोळा होतो आणि रस धरत नाही. स्कर्ट हा पोटाच्या पडद्याजवळचा भाग. त्यात चरबी कमी आणि रस भरपूर, त्यामुळे आतली ग्रेव्ही आपोआप तयार होते. बटाटा आणि स्वीडच्या पातळ, वेड्यावाकड्या चकत्या सुरीने उडवत काढा. बटाटा अगदी शेवटी कापा, नाहीतर काळा पडतो. पाण्यात बुडवून ठेवला तर तेच पाणी पेस्टीत जातं.

४. प्रत्येकी सुमारे ९० ग्रॅमचे गोळे करून १८ सेंटिमीटरच्या पोळ्या लाटा. सारण १५० ग्रॅम मोजून घ्या: तळाला बटाटा-स्वीड, मग कांदा, मग मांस, वर थोडा बटाटा. मीठ-मिरी याच वेळी थरांवर टाका. सगळं सारण मोठ्या पातेल्यात मीठ घालून कालवून ठेवलं की अर्ध्या तासात पाणी सुटतं आणि तळ लिबलिबीत होतो. फसलेल्या बहुतेक पेस्टींचं कारण हेच असतं.

५. कडेला पाण्याचं बोट फिरवा, अर्धगोल मिटवा, दाबा आणि मुरड घाला. करंजीला मुरड घालणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही, फक्त पीठ जाड असल्यामुळे दुमड जरा मोठी घ्यायची. टोकं आत वळवून दाबा. रस गळतो तो टोकांतून.

६. वर अंड्याचा हात द्या, वाफेसाठी सुरीने एक छोटी चीर पाडा. २०० अंशांवर २० मिनिटं, मग १७० अंशांवर आणखी ३० मिनिटं. मांसाच्या मधोमध ७५ अंश सेल्सिअस तापमान भरायला हवं. रंग पाहून निर्णय घेऊ नका, थर्मामीटर खुपसा.

बीफ न खाणाऱ्यांसाठी आणि शाकाहाऱ्यांसाठी वेगळी खेप करा: तेच आवरण पण लार्डऐवजी वनस्पती-शॉर्टनिंग, आत बटाटा, स्वीड, कांदा, लीक (कांद्याच्या जातीची जाड, लांब पात) आणि चेडर चीज. पाटी, सुरी, ट्रे सगळं वेगळं. ओळखीसाठी कोपऱ्यावर पिठाचं अक्षर चिकटवायची कॉर्निश घरांची जुनी रीत इथे कामाची आहे. प्रत्येक शाकाहारी पेस्टीवर एक ठरलेलं अक्षर लावा. ट्रेवरची चिठ्ठी गर्दीत हमखास हरवते.

भाजायची कुठे? हॉलच्या साध्या ओव्हनमध्ये एका वेळी सोळाएक बसतात. त्रेसष्टांना चार खेपा, म्हणजे साडेतीन-चार तास. त्यापेक्षा सकाळी चार घरांत प्रत्येकी सोळा भाजून, कापडात गुंडाळून, आधी तापवलेल्या उष्णतारोधक पेट्यांतून आणणं बरं. हॉलचा ओव्हन फक्त गरम ठेवायला वापरा. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात एकूण दोन तासांपर्यंत राहिलेलं पुन्हा फ्रिजमध्ये टाकता येतं, दोन ते चार तासांमधलं लगेच खाऊन संपवायचं, चार तासांवरचं फेकायचं. पेटीतून काढल्याची वेळ खडूने पेटीवर लिहा. आदल्या दिवशी भाजून ठेवायच्या फंदात शक्यतो पडू नका. घरच्या फ्रिजमध्ये एवढ्या गरम पेस्टी वेळेत गार होत नाहीत, आणि मांसाच्या बाबतीत तो धोका घेण्यात अर्थ नाही.

चहाचं टेबल

इथे दोन्ही घराणी बरोबरीला येतात: कॉर्निश केशरी बन एका बाजूला, वेल्श केक आणि बारा ब्रिथ (सुक्या मेव्याचा गोड वेल्श पाव) दुसऱ्या बाजूला.

केशरी बनांसाठी ५०० ग्रॅम ब्रेडचा मैदा, १२५ ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, १५० ग्रॅम करंट (बारीक काळे मनुके), मूठभर संत्र्या-लिंबाच्या सालीचा मुरंबा, सुमारे २५० मिली दूध आणि अर्धा ग्रॅम केशर. केशर आदल्या रात्री कोमट दुधात भिजत घाला आणि सकाळी काड्यांसकट ओता. तूप-लोणी जास्त असल्यामुळे पीठ फुगायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. घाईने ओव्हनमध्ये घातलेले बन दगड होतात. बारा बन होतात, १९० अंशांवर वीस मिनिटं. हळद किंवा पिवळा रंग घालून केशर वाचवायला जाऊ नका. रंग येईल, पण वास येणार नाही, आणि जुन्या घरांतली माणसं तो वासच शोधत येतात.

वेल्श केक तव्यावर होतात, म्हणून ते हॉलवरच करा. तव्यावरून उतरलेला गरम केक साखरेत घोळवून हातात दिला की रांग लागते. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लावर (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा), ११० ग्रॅम लोणी, ८५ ग्रॅम साखर, ५० ग्रॅम करंट, अर्धा चमचा मिक्स स्पाइस, चिमूट मीठ, एक अंडं, लागलंच तर थोडं दूध. लोणी पिठात चोळून गोळा करा, अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, ७ सेंटिमीटरच्या वाटीने कापा. सोळाच्या आसपास होतात. साठ माणसांना पाच खेपा. जाड बुडाचा तवा मंद आचेवर पाच मिनिटं आधी तापवा, प्रत्येक बाजू तीन मिनिटं. आच मोठी झाली तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. तव्याचा कडक कोपरा कुठे आहे ते पहिल्या दोन केकवरून कळतं, तिकडे पुढचे ठेवू नका.

बारा ब्रिथ आदल्या दिवशीच करायचा, दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. ३०० ग्रॅम सुका मेवा रात्रभर ३०० मिली कडक काळ्या चहात १०० ग्रॅम ब्राउन शुगर घालून भिजवा. सकाळी २५० ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लावर, एक अंडं आणि चमचाभर मिक्स स्पाइस मिसळून ९०० ग्रॅमच्या पावाच्या साच्यात १६० अंशांवर तासभर ते सव्वा तास. एका पावाच्या दहा-बारा चकत्या. साठ माणसांना सहा पाव, चकतीवर लोणी लावून.

सजावट आणि झेंडे

कॉर्नवॉलचा झेंडा म्हणजे काळ्यावर पांढरा क्रूस. वेल्सचा: वर पांढरा, खाली हिरवा पट्टा, मध्ये लाल ड्रॅगन, तोंड काठीच्या बाजूला. हिरवा पट्टा वर करून टांगलेला झेंडा वेल्श पाहुण्यांना लांबूनच दिसतो, म्हणून टांगल्यावर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. दोन्ही एकाच उंचीवर.

डॅफोडिल हे वेल्श दिनाचं फूल, पण दक्षिण गोलार्धात ते मार्चमध्ये फुलत नाही. इथे ते हिवाळ्याच्या शेवटी येतं. महागडी आयात फुलं शोधत बसण्यापेक्षा फेल्टची फुलं शिवून ठेवा, ती वर्षानुवर्षं चालतात. किंवा लीक वापरा. तेही वेल्सचं तितकंच जुनं चिन्ह आहे, आणि नंतर सूपमध्ये जातं.

दिवसाचा क्रम

दहाला दार उघडा, साडेदहाला सुरुवात. पहिले शब्द जमिनीच्या मूळ मालकांच्या मानाचे: ॲडलेडमध्ये कौर्ना, मून्टा-वॉलरूकडे नारुंगा, बर्राला न्गाजुरी. खाणींच्या इतिहासाचा मेळावा असताना हे यंत्रवत वाचून टाकू नका, कारण ही तांब्याची जमीन त्यांचीच होती. मग कॉर्निशमध्ये ‘डीध दा’, वेल्शमध्ये ‘क्रोइसो’, एवढ्याने स्वागत पुरे.

सकाळी दोन छोटी भाषणं, प्रत्येकी वीस मिनिटं: एक खाणीवर, एक भट्टीवर. सव्वाबाराला जेवण. त्यानंतर लगेच गायला लावू नका. पेस्टी पोटात जड असते आणि श्वास पुरत नाही. मधला सव्वा तास वंशावळीच्या टेबलांना द्या. अडीचला गाणं, पावणेचारला चहा, साडेचारला समारोप. अध्यक्षांचं भाषण, देणग्यांचे आभार, सोडत हे सगळं मिळून दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

गाण्याचा तास

वेल्श परंपरेत याला गमान्वा गानी म्हणतात: श्रोते कोणी नाहीत, सगळेच गायक, आणि स्तोत्रं चार आवाजांत. १८५९ मध्ये ॲबरडेअरला भरलेल्या मेळाव्यापासून ही रीत रुजली. खुर्च्या रांगेत मांडू नका. संचालकाच्या तीन बाजूंनी इंग्रजी ‘यू’सारख्या मांडा: सोप्रानो आणि आल्टो (बायकांचा खालचा आवाज) समोरासमोर, टेनर आणि बास (पुरुषांचा खालचा आवाज) मध्ये. कमकुवत गट संचालकाच्या अगदी पुढ्यात, आणि तो बहुधा टेनरांचाच असतो. प्रत्येक गटात दोन खात्रीचे गळे दुसऱ्या ओळीत बसवा. पहिल्या ओळीत बसवले तर मागच्यांना ते ऐकू येत नाहीत.

आठ स्तोत्रं पुरेत. क्व्म र्‍हॉन्दा (चाल जॉन ह्यूजची, १९०७), कालॉन लान, हवरुडॉल, आणि जोसेफ पॅरीची ॲबरिस्ट्विथ या वेल्श चाली. कॉर्निश बाजूने इलोगनच्या थॉमस मेरिटच्या चाली घ्या. त्यांतल्या पुष्कळ नाताळच्या आहेत, पण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कॉर्निश घरांत त्या बारा महिने गायल्या तरी कुणाची हरकत नसते. आणि कॉर्नवॉलचं लाडकं समूहगीत ट्रेलॉनी, बाकावर हात आपटत.

प्रत्येक स्तोत्राची रीत अशी ठेवा: एक कडवं सगळ्यांनी मुख्य चालीत, मग बास आणि टेनरांनी आपापली ओळ वेगळी, मग चारही आवाज. शेवटचं ध्रुपद संचालकाने खूण केली की पुन्हा. पुनरावृत्तीची ही खूण आधी सर्वांना दाखवा, नाहीतर अर्धे खाली बसतात आणि अर्धे गातच राहतात.

छापील प्रतींत पाश्चात्त्य स्वरलेखनाबरोबर टॉनिक सॉल्फा असेल तर उत्तम. त्यात द, र, म, फ, स, ल, त ही अक्षरं आणि वेळेसाठी विसर्गासारख्या खुणा असतात. ‘द’ म्हणजे आपला सा, आणि तो कुठल्याही पट्टीत धरता येतो. सरगम येणाऱ्या मराठी माणसाला हे पान पंधरा मिनिटांत वाचता येतं. वेल्श मिशनरींनी हीच पद्धत खासी आणि मिझो डोंगरांत नेली आणि मिझोरामच्या चर्चमध्ये आजही ती चालते, तेव्हा गायकांत कोणी मिझो कुटुंब असेल तर त्यांना आवर्जून बोलवा. टेनर-बासचा प्रश्न तिथेच सुटू शकतो. शब्द छापताना रचनाकाराचं मृत्युवर्ष पाहा: १९५५ पूर्वी वारलेल्यांच्या रचना ऑस्ट्रेलियात स्वामित्वमुक्त आहेत. नवी भाषांतरं आणि नव्या सुरावटी मात्र नसतात, त्यांना परवाना लागतो.

समारोपाला वेल्सचं राष्ट्रगीत, १८५६ मध्ये पॉन्टिप्रिथच्या इव्हान आणि जेम्स जेम्स या पितापुत्रांनी रचलेलं. त्याच चालीवर कॉर्निश गीतही आहे. दोन्ही एकाच वेळी दोन भाषांत गायचा मोह टाळा. अक्षरसंख्या जुळत नाही आणि गोंगाट होतो. आधी वेल्श, मग एक ओळ पियानो, मग कॉर्निश. वय पाहता नेहमीपेक्षा एक सूर खाली धरा. शब्द मोठ्या टायपात, किमान १६ पॉइंट.

वंशावळीची टेबलं

तीन टेबलं: कॉर्निश, वेल्श आणि स्कॅनिंग. प्रत्येकावर इंटरनेट, वीज आणि दोन जाणकार.

कॉर्निश टेबलावर काम सोपं. ट्रे, पोल, पेन यांनी सुरू होणारी आडनावं बहुधा ठिकाणावरून आलेली असतात, त्यामुळे पॅरिशवरून शोध घेता येतो. वेल्श टेबलावर जोन्स, डेव्हिस, विल्यम्स यांची गर्दी, आणि जुन्या पिढ्यांत आडनाव नव्हतंच: मुलाच्या नावापुढे ‘ॲप’ आणि बापाचं नाव. ॲप र्‍हीसचं प्राइस झालं, ॲप हाउएलचं पॉवेल. म्हणून वेल्श शोधात नुसत्या नावावर भर देऊ नका. शेताचं नाव, चॅपल आणि धंदा हे तीन धागे हवेतच. फॉर्ममध्ये ‘कॉपरमन’ किंवा ‘रिफायनर’ असा धंदा दिसला तर शोध स्वान्झी, लनेथ्ली, नीथ या पट्ट्यात आधी घ्या.

दक्षिण ऑस्ट्रेलियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८४२ पासून, इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या. जुन्या वर्तमानपत्रांसाठी ट्रोव्ह (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ) आणि वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह, दोन्ही फुकट. एखादा भाऊ मध्येच नाहीसा होतो तेव्हा भारत तपासायला विसरू नका: कोलारच्या सोन्याच्या खाणी जॉन टेलर ॲण्ड सन्स चालवत आणि तिथे कॉर्निश खाणकामगार पुष्कळ होते. त्यांचे विवाह आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्च-नोंदींत सापडतात. मद्रास, मुंबई आणि बंगाल अशा तीन वेगळ्या मालिका आहेत; कोलारसाठी आधी मद्रास.

स्कॅनिंग टेबलाचा नियम एकच: मूळ फोटो मालकाच्या नजरेआड जाणार नाही. ‘घरी नेऊन करून देतो’ म्हणून नेलेले आल्बम परत यायला वर्षं लागतात. जागेवरच ६०० डीपीआयला टिफ फाइल करा. फोटोच्या मागे बॉलपेन नाही, मऊ २बी पेन्सिलीने कडेला क्रमांक. तोच क्रमांक वहीत, आणि वहीत कोण-कुठे-केव्हा हे मालकाच्या तोंडून ऐकून लगेच लिहा. जिवंत माणसांचे फोटो कुठे वापरायचे याची सही त्याच वेळी घ्या. एका फोटोला नोंदीसकट पाच मिनिटं धरा. सव्वा तासात एका स्कॅनरवर पंधराच होतात. म्हणून दोन स्कॅनर ठेवा, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच फोटो आणायला सांगा.

दुसऱ्या दिवशी बर्रा किंवा मून्टा

ॲडलेडहून दोन्ही साधारण १६० किलोमीटर. दोन्ही जागा २०१७ पासून राष्ट्रीय वारसा यादीत आहेत. बर्राला मॉर्फेटचं इंजिनघर, मून्टाला १८६५ चं मेथडिस्ट चर्च. सकाळी आठला निघा, दुपारी बाराच्या आत उघड्यावरचं फिरणं संपवा, माणशी दोन लिटर पाणी. कुंपणापलीकडे जुन्या खाणींची तोंडं आहेत, मुलांना मोकळं सोडू नका. आगीच्या पूर्ण बंदीचा दिवस असेल तर उघड्यावर चहाची चूलही पेटवायची नाही.

कबरींना फुलं वाहण्याचा कार्यक्रम ठेवणार असाल तर दफनभूमी ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी आधी घ्या. तारा नसलेली ताजी फुलंच वापरा. दगडावरचं शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा ब्लीच कधीही नाही. त्याने अक्षरांची कड कायमची जाते. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, तोही परवानगी असेल तरच. अक्षरं वाचायला खडू घासू नका. आरसा किंवा टॉर्च बाजूने, जवळजवळ दगडाला समांतर धरून प्रकाश पाडा, पुसट अक्षरं उठून येतात. तेव्हाच फोटो घ्या आणि शेजारच्या दोन कबरींचेही घ्या, कारण एकाच जहाजाने आलेली घराणी पुष्कळदा शेजारी-शेजारी पुरलेली असतात.

स्कॅन आणि वहीची एक प्रत आठवड्याच्या आत प्रत्येक कुटुंबाला पाठवा, दुसरी मंडळाकडे वेगळ्या ड्राइव्हवर, तिसरी स्थानिक इतिहास ग्रंथालयाला.